डबा अश्लेषाचा, रुमाल ओनोदेरा-सानचा

"स्टेशनवर खोकं मिळतं," सारंग म्हणाला. "छान कागदात गुंडाळलेलं. आत बारा बिस्किटं, प्रत्येक बिस्किटाला वेगळी पिशवी. सगळा जपान तेच नेतो. आपणही तेच नेऊ."

"सगळा जपान नेतो म्हणून आपण कशाला न्यायचं?" अश्लेषानं कढईतला शेवटचा घाणा झाऱ्यानं उचलला. "त्या बाई आपल्याला घरात ठेवून घेणार, मी शाकाहारी म्हणून वेगळा स्वयंपाक करणार, आणि आपण त्यांच्या हातात बिस्किटांचं खोकं ठेवायचं? घरचं काहीतरी नको?"

टोकियोतल्या निशी-कसाई भागातल्या त्यांच्या चौथ्या मजल्यावरच्या घरात तुपाचा वास भरून राहिला होता. सारंगनं वाद वाढवला नाही. तो विद्यापीठात सिरॅमिकवर संशोधन करत होता आणि कुठली वस्तू किती तापली की तडकते, याचा त्याला चांगला अंदाज होता.

शंकरपाळे निवले आणि अश्लेषानं ते स्टीलच्या डब्यात भरले. इथंच ती चुकली. पाच वर्षं जपानात काढलेली, जपानी भाषेच्या एक सोडून सगळ्या परीक्षा पास झालेली ही बाई डबा हातात घेतला की थेट साताऱ्याची व्हायची. आपल्याकडे पाहुणा डबा घेऊन येतो, यजमानीण तो तिथल्या तिथे ताटात रिकामा करते, विसळते, त्यात चमचाभर साखर तरी घालते आणि परत देते. डबा कुणाचा, याबद्दल कुणाच्या मनात शंका नसते. जपानात भेट ज्यात देतात ते भेटीबरोबरच जातं, म्हणून तर तिकडे सगळं खोक्यात देतात. सारंगला नेमकं हेच म्हणायचं होतं, पण त्याला ते इतकं मुद्देसूद सांगता आलं नाही.

सहलीचा हट्ट अश्लेषाचा होता. सात मेला तिची नवी नोकरी सुरू व्हायची होती. नवऱ्यामागोमाग जपानात आल्यावर तिनं आधी कोपऱ्यावरच्या कोन्बिनीत, म्हणजे चोवीस तास उघड्या असणाऱ्या दुकानात, अर्धवेळ काम केलं होतं. मग अकरा मुलाखती दिल्या आणि अकराव्या ठिकाणी तिला पक्की नोकरी मिळाली. "पहिल्या दिवशी नऊला दहा कमी असताना या," असं तिथल्या बाईंनी तीनदा बजावलं होतं. त्याआधी एकदा, जिथं नकाशातला रस्ता संपतो अशा ठिकाणी जाऊन मनसोक्त समुद्र बघायचा, असं तिनं ठरवलं होतं. अश्लेषानं ठरवलं की ते झालंच म्हणून समजायचं.

शिओझाकी हे गाव तसंच होतं. आधी शिनकानसेन, म्हणजे बुलेट ट्रेन, मग डिझेलवर चालणारी छोटी गाडी, मग पाऊण तास बस. बस दिवसातून दोनदा सुटायची, सकाळी सात वीसला आणि दुपारी एक दहाला. समुद्रातून काळे कातळ सरळ वर आले होते आणि त्यांच्या डोक्यावर वाऱ्यानं वाकलेले पाइन कसेबसे उभे होते. गाव म्हणजे चढावर एकावर एक बसलेली अठरा घरं, एक दुकान आणि वरच्या रस्त्यावर बसचा थांबा. लाटा इतक्या जोरात आपटत होत्या, की बसमधून उतरल्यावर दोघं पहिली पाच मिनिटं एकमेकांशी ओरडूनच बोलले.

त्या बाईंचं, ओनोदेरा-सानचं, घर मधल्या ओळीत होतं; 'सान' म्हणजे आपलं 'बाई' किंवा 'राव'. अठ्ठ्याहत्तर वर्षांची, ताठ कण्याची, बुटकी बाई. नवरा मासेमारी करायचा, तो जाऊन आठ वर्षं झाली होती. तेव्हापासून वरच्या दोन खोल्यांत ती पाहुणे ठेवायची. अश्लेषानं दारातच डबा पुढे केला. ओनोदेरा-साननं तो दोन्ही हातांनी घेतला, कपाळापर्यंत उंच धरला, कमरेतून वाकली आणि आत गेली.

अश्लेषा ताटाची वाट बघत उभी राहिली. ताट आलं नाही. डबा थेट आतल्या खोलीतल्या पूर्वजांच्या देव्हाऱ्यासमोर गेला. नवऱ्याच्या फोटोपुढे तो ठेवून बाईंनी उदबत्ती लावली, छोटी घंटा वाजवली आणि हात जोडले.

"डबा?" सारंग कुजबुजला.

"मागू कसा?" अश्लेषा म्हणाली. "त्यांच्या यजमानांपुढे ठेवलाय."

रात्रीच्या जेवणाला समुद्रातल्या शेवाळाचे पाच प्रकार होते आणि पाचही चांगले लागले. अश्लेषा जेवताना अधूनमधून मान वळवून देव्हाऱ्याकडे बघत होती. फोटोतले ओनोदेरा-आजोबा डब्याच्या आडून तिच्याकडे बघत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी डबा परत आला. तो एका निळ्या, चौकोनी, मऊ सुती रुमालात बांधलेला होता. तिकडे भेटवस्तू अशा रुमालात बांधून देतात, त्याला फुरोशिकी म्हणतात. गाठ अशी सुबक, की सोडवायला जिवावर यावं. आत मीठ लावलेलं वाकामे नावाचं शेवाळ गच्च दाबून भरलं होतं.

"आमच्याकडे भांडं रिकामं परत करत नाहीत," ओनोदेरा-सान म्हणाली. हे अर्थात जपानीत झालं. आपण मराठीत ऐकू.

"आमच्याकडेही," अश्लेषा म्हणाली.

"खरंच?"

"अगदी खरं. माझी आई काही सापडलं नाही तर साखर घालते."

"माझी आई काड्यापेटी ठेवायची," ओनोदेरा-सान म्हणाली, आणि दोघी एकमेकींकडे इतक्या प्रेमानं बघायला लागल्या, की सारंगनं कपाळाला हात लावला. त्याला आत्तापर्यंत वाटत होतं, की दोघींपैकी एकीला तरी हा प्रकार माहीत नसेल.

मग ओनोदेरा-सानचं लक्ष डब्याच्या झाकणाकडे गेलं. त्यावर बारीक ठिपक्यांनी काहीतरी कोरलं होतं. ते काय आहे, असं तिनं विचारलं. अश्लेषानं वाचून दाखवलं, 'चि. सौ. कां. अश्लेषा हिस मामा-मामींकडून, १२ फेब्रुवारी २०१७.' आणि त्याचा अर्थही सांगितला. साताऱ्याच्या भांड्याच्या दुकानात भांड्यावर नाव टाकून देतात, त्यात विशेष काही नाही, हे मात्र सांगायचं राहिलं. ओनोदेरा-सानचा चेहरा एकदम गंभीर झाला. लग्नातली भेट, तारखेसह कोरलेली, आणि ती आपण एक रात्र घरात ठेवून घेतली, म्हणून तिनं तीन वेळा वाकून माफी मागितली.

दिवसभर दोघं कड्याच्या वाटेनं फिरले. खाली हिरवंगार पाणी कातळांच्या फटींत शिरत होतं आणि पांढरं होऊन बाहेर येत होतं. एका ठिकाणी वारा असा लागला, की सारंगची टोपी कायमची प्रशांत महासागरात गेली. अश्लेषाचं मन रमलं होतं, पण पूर्ण नाही.

"रुमाल त्यांचा आहे," ती एका कड्यावर उभी राहून म्हणाली.

"मग घडी करून दे."

"रिकामा?"

"रुमाल रिकामा कसा असेल? रुमाल म्हणजे कापड."

"सारंग, त्यांनी आपल्याला त्यात काहीतरी बांधून दिलं. आपण नुसतं कापड परत द्यायचं? आपण पाहुणे म्हणून आलोय, लॉन्ड्रीवाले म्हणून नाही."

"मग चिवडा आहे ना, तो पिशवीत घालून दे."

"प्लॅस्टिकच्या पिशवीत? त्या एवढ्या सुंदर रुमालात प्लॅस्टिकची पिशवी बांधायची?"

रुमालात काहीतरी बांधायचं म्हणजे काहीतरी डब्यासारखं हवं आणि डब्यासारखी एकच वस्तू त्यांच्याकडे होती. तर शेवाळ पिशवीत गेलं, चिवडा डब्यात गेला, डबा रुमालात गेला आणि रुमाल ओनोदेरा-सानकडे गेला. इथून पुढे डबा आणि रुमाल यांची ताटातूट झाली नाही. डबा अश्लेषाचा, म्हणून ओनोदेरा-सानला तो रिकामा देता येईना. रुमाल ओनोदेरा-सानचा, म्हणून अश्लेषाला तो रिकामा देता येईना. एकीनं देणं फेडलं की दुसरीचं सुरू होत होतं. सारंगनं हे कागदावर आकृती काढून पाहिलं आणि त्याला बाहेर पडायची वाट दिसली नाही.

संध्याकाळी डबा आला. आत रानातल्या फुकीच्या देठांची भाजी होती. आणि रुमाल निळा नव्हता, जांभळा रेशमी होता. चिवड्याचं तेल निळ्या रुमालाला लागलं, तो धुवायला टाकला, म्हणून हा.

"आता हा तर रेशमी आहे," अश्लेषा हताशपणे म्हणाली. पण तिची निराशा फार वेळ टिकत नसे. तिनं बॅग उघडली आणि परतीच्या प्रवासासाठी ठेवलेले चार रव्याचे लाडू बाहेर काढले.

"ते गाडीत खायचे होते," सारंग म्हणाला.

"गाडीत उपाशी बसेन, पण उपकार घेऊन बसणार नाही."

सहा तारखेची सकाळ उजाडली. एक दहाची बस गाठायची, मग डिझेलची गाडी, मग शिनकानसेन. मेच्या मोठ्या सुट्ट्यांचा शेवटचा दिवस असल्यामुळे शिनकानसेनच्या सगळ्या जागा महिन्यापूर्वीच भरल्या होत्या. आपली गाडी चुकली तर दुसऱ्या गाडीत जागा मिळण्याची आशा नव्हती आणि उद्याच्या सकाळच्या बसनं निघालं तर टोकियोत पोचायला दुपार होणार होती. म्हणजे पहिल्याच दिवशी गैरहजर. अकरा मुलाखतींनंतर. सारंगनं सगळ्या वेळा फोनमध्ये घातल्या होत्या आणि फोन उशाशी ठेवला होता.

नाश्त्याला खाली आले तर जिन्याखाली वस्तूंची रांग लागली होती. वाळवलेलं कोम्बू शेवाळ, दोन बरण्या लोणचं, विणलेली टोपी, मुळ्यांची जुडी, माशाच्या चित्राचा टॉवेल. आणि सगळ्यांत शेवटी, जांभळ्या रुमालात डबा, आत मोची, म्हणजे कुटलेल्या भाताचे मऊ गोळे.

"हे काय?" अश्लेषानं विचारलं.

"लाडू फार छान होते," ओनोदेरा-सान म्हणाली. "इतकी छान गोष्ट एकटीनं खाणं बरं नव्हे. मी प्रत्येक लाडवाचे तुकडे केले आणि गावात वाटले. अठरा घरं आहेत. दोन घरांना थोडं कमी मिळालं, त्यांची मी माफी मागितली."

म्हणजे आता देणेकरी एक घर नव्हतं, अठरा घरं होती. आणि त्यांतली सात घरं सकाळी साडेसातच्या आत देणं फेडून मोकळी झाली होती.

"टोपी घे आणि निघू," सारंग म्हणाला. "प्लीज. माझी तशी वाऱ्यावर गेलीय."

"सात घरांनी दिलंय, सारंग."

"त्यांनी परतफेड केली. लाडवाची. हिशेब संपला."

"कणभर तुकड्याला कुणी टोपी देतं का? ही परतफेड नाही, हे त्यांनी आपल्याला दिलेलं आहे. आणि उरलेली अकरा घरं आत्ता तयारी करत असतील." अश्लेषानं घड्याळ पाहिलं. नऊला पाच मिनिटं होती. तिनं कुर्त्याच्या बाह्या वर केल्या. "चार तास आहेत. मी शंकरपाळे करते."

उद्या नवी नोकरी आहे, याची आठवण तिला करून द्यावी असं सारंगच्या मनात आलं, पण आठवण तिला होतीच. मुलाखतीच्या वेळीही ती अशीच बाह्या वर करून बसायची.

दुकानात मैदा मिळाला, साखर मिळाली, तूप मिळालं नाही म्हणून लोणी घेतलं. शंकरपाळे करायचे ओनोदेरा-सानच्या स्वयंपाकघरात, तिच्या गॅसवर, तिच्या कढईत, आणि तेल कमी पडलं तेव्हा तिच्याच तेलात. म्हणजे उपकार फेडण्यासाठी उपकार घेणं सुरू झालं. अश्लेषाच्या हे लक्षात आलं, पण तोवर पहिला घाणा कढईत होता. ओनोदेरा-साननं तिला मागून एप्रन बांधला आणि स्वतः शेजारी बसून पीठ लाटायला घेतलं. तिच्या वड्या पट्टीनं मोजल्यासारख्या सारख्या आल्या. अश्लेषाच्या चौकोनांना मात्र चारापेक्षा जास्त कोपरे होते.

"उद्या काम सुरू होणार ना तुमचं?" ओनोदेरा-साननं विचारलं. तिला 'अश्लेषा' म्हणता येत नव्हतं, म्हणून ती 'आशु-सान' म्हणत होती. "भीती वाटते का, आशु-सान?"

"वाटते," अश्लेषा म्हणाली. ही गोष्ट तिनं सारंगलाही सांगितली नव्हती.

"मला पहिल्यांदा कारखान्यात मासे सोलायला पाठवलं तेव्हा मी संडासात जाऊन रडले होते," ओनोदेरा-सान म्हणाली. "मग बाहेर आले आणि मासे सोलले." एवढं बोलून ती पुढची पोळी लाटायला लागली.

पावणेबाराला अठरा पुड्या तयार झाल्या आणि सारंगला वाटायला पाठवलं. गावातली घरं एकाखाली एक, मध्ये दगडी पायऱ्या. प्रत्येक दारात त्याला वाकायचं होतं, पुडी द्यायची होती, 'लाडवाबद्दल नव्हे, टोपीबद्दल' किंवा 'अजून काही नाही, आधीच' असं काहीतरी समजावून सांगायचं होतं आणि त्याला जपानी जेमतेम येत होतं. तो अठरा पुड्या घेऊन गेला आणि साडेबाराला परत आला तेव्हा त्याच्या दोन्ही हातांत पिशव्या होत्या आणि गळ्यात वाळवलेल्या पर्सिमॉन फळांची माळ होती.

"नको म्हणता आलं नाही?" अश्लेषानं विचारलं.

"म्हटलं," तो धापा टाकत म्हणाला. "मी नको म्हटलं की ते आत जाऊन अजून मोठं काहीतरी आणतात. सहाव्या घरापासून मी नको म्हणणं सोडून दिलं."

अश्लेषा स्टुलावर बसली. समोर डबा होता, जांभळा रुमाल होता आणि शेवटचा घाणा ताटात निवत होता. तिच्या कपाळावर मैदा लागला होता. क्षणभर सारंगला वाटलं, ही आता रडेल. पण तिनं शंकरपाळे डब्यात भरले, झाकण घट्ट लावलं आणि डबा रुमालात बांधला.

"हा इथं ठेवायचा आणि निघायचं," ती म्हणाली.

"डबा? मामा-मामींचा?"

"डबा गेला तरी चालेल. पण हा त्यांना भरलेला दिसला पाहिजे. आणि आपण समोर असलो तर त्या परत देतील. त्या वरच्या दुकानात गेल्यात. आत्ताच निघू."

"न सांगता?"

या प्रश्नानं अश्लेषाचा चेहरा पडला. म्हाताऱ्या माणसाला नमस्कार न करता घरातून निघणं तिला जन्मात जमलं नव्हतं. पण भरल्या डब्यानं शेवट करायचा तर दुसरा मार्ग नव्हता. तिनं कागदावर चार ओळी लिहिल्या, आभार मानले, माफी मागितली, आणि नवऱ्याच्या फोटोसमोर उभी राहून त्यांना मात्र नीट नमस्कार केला. मग दोघं मागच्या दारानं बाहेर पडले.

गावातून वर जायचं तर अठरा दारं ओलांडावी लागली असती, म्हणून त्यांनी कड्याच्या वाटेनं जायचं ठरवलं. वाट लांबची होती आणि चढाची होती. एका बाजूला खडक, दुसऱ्या बाजूला खोल खाली फेसाळणारं पाणी. सारंगच्या पाठीवर सॅक, हातात मुळे, लोणच्याच्या बरण्या आणि कोम्बू. अश्लेषाच्या दोन्ही खांद्यांवर पिशव्या. वारा समोरून होता. दोघं वाकून, चोरासारखे, पण चोरापेक्षा जास्त सामान घेऊन चालत होते.

"कुणी बघितलं?" ती मध्येच विचारायची.

"कुणी नाही," तो म्हणायचा. "एक बगळा आहे."

एक वाजून पाच मिनिटांनी ते थांब्यावर पोचले. थांब्यावरच्या बाकावर ओनोदेरा-सान बसली होती. सुनामी आली तर वर धावता यावं म्हणून गावाच्या मधून सरळ रस्त्यापर्यंत पायऱ्या बांधल्या होत्या, एकशे बारा. त्या ती रोज दोनदा चढायची, सराव म्हणून. तिच्या मांडीवर जांभळ्या रुमालातला डबा होता. तिच्या मागे, उंचीनुसार उभं केल्यासारखं, अर्धं गाव होतं.

"बरं झालं आलात," ती म्हणाली. "तुम्ही विसरून चालला होतात."

तेवढ्यात बस आली. बसचा ड्रायव्हर सासाकी-सान चाळिशीचा, पांढरे हातमोजे घातलेला, घड्याळाकडे बघणारा माणूस होता. बस एक दहाला म्हणजे एक दहाला सुटायची. दार उघडलं. एक नऊ झाले होते.

"हे तुमचं आहे," अश्लेषा म्हणाली. "मी तुमच्यासाठी ठेवलं होतं."

"डबा तुमचा आहे," ओनोदेरा-सान म्हणाली. "त्यावर तारीख आहे."

"रुमाल तुमचा आहे."

"रुमालाशिवाय डबा कसा देणार?"

दोघी वाकल्या. एक उठली की दुसरी वाकायची. मागचं अर्धं गावही वाकायला लागलं. अश्लेषानं गळ्यातली ओढणी काढली आणि ओनोदेरा-सानच्या खांद्यावर घातली, निदान एवढं तरी. ओनोदेरा-साननं लगेच स्वतःच्या स्वेटरच्या गुंड्या काढायला सुरुवात केली.

"अश्लेषा," सारंग बसच्या पायरीवरून म्हणाला. त्याचा आवाज शांत होता. "उद्या नऊला दहा कमी."

ड्रायव्हरनं माइकमध्ये सगळ्यांची माफी मागितली आणि सांगितलं, की बसला एक मिनिट उशीर झाला आहे. बसमध्ये दुसरं कुणी नव्हतं, तरी त्यानं दोनदा सांगितलं.

अश्लेषानं डबा घेतला. दोन्ही हातांनी घेतला, कपाळाला लावला आणि बसमध्ये चढली. दार बंद झालं. बाहेर ओनोदेरा-सान ओढणी गुंडाळून हात हलवत होती, पहिल्या वळणापर्यंत ती हात हलवतच राहिली. मग समुद्र आला, मग तोही डोंगराआड गेला.

अश्लेषा ताठ बसली होती. मांडीवर डबा, त्यावर दोन्ही हात. ती हरली होती आणि हरल्याचं तिला मनापासून वाईट वाटत होतं.

"मोरिओकाला गाडी बदलताना स्टेशनवरून कुरियरनं पाठवता येईल," ती थोड्या वेळानं म्हणाली. "तिथं काहीतरी चांगलं घेऊ. रुमाल धुऊन इस्त्री करून पाठवायला हवा होता, पण आता तसाच."

"पाठवू," सारंग म्हणाला. तो इतका थकला होता, की त्यानं कशालाही हो म्हटलं असतं. "आत काय आहे ते तरी बघ. त्या मानानं घ्यावं लागेल ना."

अश्लेषानं गाठ सोडली. झाकण उघडलं. डबा रिकामा होता.

स्वच्छ धुतलेला, कोरडा पुसलेला, तळाला तिचा स्वतःचा चेहरा दिसत होता. आत एक घडी केलेला कागद होता. पहिल्यांदा तिला वाटलं, आपल्या पळून येण्याचा बाईंना राग आला. तिचे डोळे भरून आले. मग तिनं कागद उघडला आणि मोठ्यानं वाचला, म्हणजे सारंगसाठी मराठीत करत वाचला.

"'आशु-चान, शंकरपाळे मी काढून घेतले. डबा रिकामाच देते आहे, रागावू नकोस. पाहुण्याला भांडं रिकामं देत नाहीत, ते मला माहीत आहे. पण माझी मुलगी सेंदाईहून येते ती रिकामे डबे घेऊन येते आणि जाताना भरून नेते. आल्यावर आधी माझ्या फ्रिजचं दार उघडते. तू तीन दिवस सारखी भरून आणत राहिलीस. माझी किती धावपळ झाली, तुला काय सांगू. शेवटी मला शेजारून मोची आणावी लागली. पुढच्या वेळी रिकामा डबा घेऊन ये. वाकामे मार्चमध्ये काढतात. उद्या कामावर वेळेवर जा.'"

बस घाटात होती. अश्लेषानं कागद परत घडी करून डब्यात ठेवला. साताऱ्याला गेली की तीही तसंच करायची. रिकाम्या पिशव्या, रिकाम्या बरण्या, आणि येताना भाजणी, मेतकूट, कुरडया. जपानात आल्यापासून पाच वर्षांत प्रत्येकाकडे ती काहीतरी घेऊन गेली होती, घरमालकाकडे, शेजाऱ्यांकडे, मुलाखतीलासुद्धा. रिकाम्या हातानं ये, असं तिला कुणी म्हटलं नव्हतं, आणि घरच्या लेकीच्या नावाला लावतात ते 'चान'ही तिच्या नावाला कुणी लावलं नव्हतं. ती रडली, आणि सारंगनं तिला माशाच्या चित्राचा टॉवेल दिला.

"म्हणजे आता संपलं ना?" त्यानं जरा वेळानं, जपून विचारलं. "काही पाठवायचं नाही?"

"नाही," अश्लेषा नाक पुसत म्हणाली. "रुमालसुद्धा राहू दे. मार्चमध्ये बघू."

सारंगचा स्वतःच्या कानांवर विश्वास बसेना. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण कुणाची वस्तू परत न करता 'राहू दे' म्हणालेली अश्लेषा तो पहिल्यांदाच बघत होता. त्याला एकदम हलकं वाटलं. मांडीवरचे मुळेसुद्धा हलके वाटले.

बस स्टेशनवर पोचली. गाडीला नऊ मिनिटं होती. सगळ्या पिशव्या घेऊन दोघं उतरायला लागले तेव्हा ड्रायव्हर सासाकी-सान जागेवरून उठला, हातमोजे काढले आणि एक छोटं पुडकं पुढे केलं.

"आईनं दिलंय," तो लाजत म्हणाला. "वरून तिसरं घर. लाडवाबद्दल. सकाळपासून जवळ आहे, पण ड्युटीवर असताना देता येत नव्हतं."

अश्लेषानं पुडकं घेतलं, हसली, आभार मानले आणि पायऱ्या उतरली. बॅग उघडली नाही, इकडेतिकडे बघितलं नाही, काही शोधलं नाही. फलाटाच्या दिशेनं चार पावलं गेली तेव्हा तिच्या लक्षात आलं, की आपण एकटेच चालतोय.

मागे सारंग बसच्या दारात गुडघ्यावर बसला होता. मुळे जमिनीवर होते. सॅकचा बाहेरचा कप्पा उघडा होता आणि त्याच्या हातात एक रव्याचा लाडू होता. तो पाचवा लाडू अस्तित्वात आहे, हे अश्लेषाला त्या क्षणापर्यंत माहीत नव्हतं.

"सारंग, गाडी सुटेल," ती म्हणाली.

"आलो, दोनच मिनिटं," तो सॅकमध्ये हात घालून घाईघाईनं चाचपडत म्हणाला. "हा कशात तरी बांधून देतो. असाच कसा हातात ठेवू?"